फवारणी-वही : लायसन्स ठरवतानाच्या नोंदी

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

वहीचा कोड खुला करायचा यावर तो लिहिणाऱ्या आम्हा चौघांचं एकमत झालं. कोणत्या लायसन्सखाली, म्हणजे घेणाऱ्यानं त्या कोडचं काय करावं याच्या कोणत्या अटींवर, यावर अजिबात नाही. म्हणून या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतोय. नाहीतर पुढे कोणी 'हेच का?' विचारलं की चौघं चार कारणं सांगतील.

नव्यानं वाचणाऱ्यासाठी थोडक्यात: फवारणी-वही म्हणजे द्राक्षबागेच्या फवारणीची वेबवरची नोंदवही. प्लॉट, तारीख, औषध, मात्रा, पाणी किती लिटर, फवारलं कोणी, एवढं बागायतदार भरतो. औषधाचा काढणीपूर्व कालावधी (फवारणीनंतर तोडणीआधी जायलाच हवेत ते दिवस) धरून माल कधीपासून तोडता येईल ती तारीख वही काढते. सध्या निफाड आणि दिंडोरी तालुक्यातला एक गट ती वापरतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपला गेलेली द्राक्षं अडकली होती. तो हंगाम इथे कोणी विसरलेलं नाही. निर्यातीच्या मालामागे नोंदी लागतातच, आणि त्या तोडणीच्या आदल्या रात्री आठवून भरल्या असल्या की पॅकहाउसवाला एका नजरेत ओळखतो.

आजचं निमित्त वेगळं. खतं-औषधांचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, कोड द्या, आमच्या सर्व्हरवर चालवतो, आमच्या गिऱ्हाइकांना फुकट देतो; फक्त औषधांच्या यादीत आमचा माल वर दिसेल एवढा बदल करून घेतो. मागणी सरळ आहे, माणूसही सरळ वाटला. पण यादीचा क्रम बदलणारा हात उद्या कालावधीच्या आकड्यालाही लागू शकतो, आणि तो लागला की नाही हे बागायतदाराला कळायला काहीच वाट नसेल. लायसन्सचा विचार इथून सुरू करायचा.

६ ऑगस्ट, बुधवार

नाशिकच्या कॉलेज रोडला चहावर बैठक. सर्व्हर सांभाळणारा मित्र एमआयटी या अगदी मोकळ्या लायसन्सवर ठाम. "छोटं लायसन्स आहे, कोणी घाबरत नाही, टाक आणि मोकळा हो." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. एजीपीएल, म्हणजे सेवा चालवणाऱ्यालाही बदललेला कोड दाखवायला लावणारं लायसन्स, म्हटलं की मोठ्या कंपन्या दार लावून घेतात. गूगलच्या जाहीर नियमावलीतच एजीपीएलचा कोड आत वापरायला मनाई आहे. पण गूगल आपल्याकडे निफाडच्या फवारण्या लिहायला येणार नाही, असं फ्रंटएंडवाली (पडद्यावर दिसणारा भाग लिहिणारी) म्हणाली आणि तो मुद्दा तिथेच संपला.

एमआयटी घेतलं तर त्या व्यापाऱ्यांनी कोड घ्यावा, बदलावा, कुलूप लावावं. फक्त आमच्या नावाची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवला की झालं. मग साधा जीपीएल? वेबच्या बाबतीत घोडं पेंड खातं ते इथेच. जीपीएलची सोर्स (मूळ कोड) देण्याची अट लागते ती प्रोग्रॅमची प्रत दुसऱ्याच्या हाती दिल्यावर. आमचा हिशोब सर्व्हरवर होतो आणि ब्राउझरला नुसती तारीख मिळते. म्हणजे कोणीही जीपीएलचा कोड घ्यावा, वाटेल तसा बदलावा, हजारो लोकांना सेवा द्यावी, आणि एक ओळही दाखवू नये. लायसन्सचा भंग होत नाही. ब्राउझरमध्ये उतरणाऱ्या जावास्क्रिप्टला मात्र अट लागते, कारण त्याची प्रत खरोखर दिली जाते. पण आमच्या जावास्क्रिप्टमध्ये तारीख निवडायची खिडकी आणि प्लॉटचा नकाशा, यापलीकडे काही नाही.

ही पळवाट जुनीच आहे. तिच्यासाठी ॲफेरो कंपनीनं २००२ साली जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत, नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स देण्याचं एक कलम घालून वेगळं लायसन्स काढलं होतं. पुढे जीपीएलची तिसरी आवृत्ती २९ जून २००७ला आली तेव्हा हे कलम त्यात घालायचं की नाही यावर बराच खल झाला, शेवटी ते बाहेर ठेवलं, आणि १९ नोव्हेंबर २००७ला एजीपीएलची तिसरी आवृत्ती स्वतंत्र निघाली. मॅस्टोडॉन आणि नेक्स्टक्लाउड त्याच लायसन्सखाली आहेत.

बाकीची झटपट बाद केली. एमपीएल (मोझिलाचं लायसन्स) फाइलपुरतं बांधतं. नवी फाइल जोडली की ती बंद ठेवता येते. एलजीपीएल लायब्ररीसाठी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडायच्या तयार कोडसाठी. ईयूपीएल या युरोपीय लायसन्समध्ये नेटवर्कवरची सेवाही वितरणात धरली आहे, ते आवडलं. पण लायसन्स देणारा युरोपीय संघाबाहेरचा असेल तर बेल्जियमचा कायदा लागू होतो. निफाडच्या वहीला बेल्जियमचा कायदा नको.

१० ऑगस्ट, रविवार

एजीपीएलचं तेरावं कलम, म्हणजे तेच नेटवर्कचं कलम, शांतपणे वाचून काढलं. ऐकीव माहितीत आणि मजकुरात बरंच अंतर आहे.

एक तर, कलम लागतं ते प्रोग्रॅम बदलणाऱ्याला. जसाच्या तसा चालवला तर तेराव्या कलमाखाली कोणाला काही द्यावं लागत नाही. दुसरं, सोर्स जगाला नाही, त्या बदललेल्या आवृत्तीशी नेटवर्कवरून काम करणाऱ्यांना द्यायचा. पण त्यांना तो मिळू शकतो हे ठळक दिसेल असं सांगायचं आणि त्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत. तिसरं, द्यायचा तो चालू असलेल्या आवृत्तीचा सोर्स, सहा महिन्यांपूर्वीचा नव्हे. बांधणीच्या आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही त्यात आल्या. पासवर्ड, एसएमएस सेवेची किल्ली आणि शेतकऱ्यांच्या नोंदी त्यात येत नाहीत. हे शेवटचं वाक्य मी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं, कारण आमच्याच एकाचा समज होता की एजीपीएल घेतलं की डेटाबेस उघडा पडतो.

सेवेचे पैसे घेता येतात. कोणी महिन्याला शुल्क लावून वही चालवली तरी लायसन्सची हरकत नाही.

सर्व्हरवाल्यानं रास्त शंका काढली: शेतकरी सोर्स मागून करणार काय? तो पायथॉन वाचणार आहे का? नाही वाचणार. पण त्याचा पुतण्या पुण्याला नोकरीला असतो, गटाला आमच्यासारखं कोणीतरी ओळखीचं असतं. ज्या हिशोबावर त्याचा कंटेनर जाणार किंवा अडकणार, तो हिशोब कोणाकडून तरी तपासून घ्यायचा हक्क त्याच्याकडे असावा. एमआयटीत हा हक्क कोड उचलणाऱ्याशी थांबतो. एजीपीएलमध्ये तो वही भरणाऱ्यापर्यंत पोचतो. माझ्यापुरता निकाल इथे लागला. बाकी तिघांचा लागायचाय.

१७ ऑगस्ट, रविवार

आप्पांच्या बागेवर गेलो. गटाचं काम तेच बघतात. द्वारका चौकात नेहमीप्रमाणे अडकून पोचेपर्यंत अकरा वाजले. आप्पा ब्लोअरचे नोझल उघडून बसले होते. हात ओले, म्हणून फोन नातीच्या हातात, आणि नोंद तीच भरत होती. "औषध खाली गेलं बघ, वर सरकव," असं तिला सांगत होते. यादीतली पहिली दोन-तीन नावं सोडून खाली कोणी जात नाही, हे मी तिथे उभं राहून पाहिलं. व्यापाऱ्यांच्या 'एवढ्याशा' बदलाची किंमत मला त्यावरून कळली.

लायसन्स समजावायला मी बरीच तयारी करून गेलो होतो. ती वाया गेली. आप्पांनी नवीन परदेशी वाणाच्या करारावरूनच पकडलं. हक्क राखलेला वाण लावला की काडी शेजाऱ्याला देता येत नाही, करारात लिहिलेलं असतं. थॉमसन वाणातून निवडलेला तास-ए-गणेश मात्र काडीकाडीनं गावोगाव गेला.

"म्हंजे तुमचं असं, की काडी कोणीबी न्यावी. पण नेली, त्यातून नवं काही काढलं, तर त्याची काडी त्यानंबी अडवायची नाही."

"बरोबर, आप्पा."

"मग यात अडचण काय आहे?"

अडचण त्यांनीच पुढच्या वाक्यात काढली. "पण पैसे गटानं दिले. मग वही कोणाची? तुम्ही कोण काडी वाटणारे?"

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. गटानं सुरुवातीला वर्गणी काढून आम्हाला रक्कम दिली होती, पावती आहे, करार नाही. वकिलांना विचारून सांगतो म्हटलं. मालकी कोणाची हे ठरल्याशिवाय लायसन्स लिहिण्यात अर्थ नाही, कारण जे आपलं नाही त्यावर आपण परवानगी देऊ शकत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

गंगापूर रोडला वकीलताईंकडे. पोळा झाल्यामुळे अशिल गावाकडे, ताईंना निवांत वेळ होता. त्यांनी कॉपीराइट कायदा, १९५७ समोर ठेवला आणि आमच्या प्रत्येकाची वेगळी चौकशी केली.

कायद्याच्या व्याख्येत संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. कलम १७ प्रमाणे पहिला मालक लेखक. नोकरीत, नोकरीचं काम म्हणून लिहिलं तर नोकरी देणारा. पैसे देऊन करून घेतलेल्या कामाची मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते ती छायाचित्र, चित्र, चित्रपट अशा ठरावीक गोष्टींत. प्रोग्रॅम त्या यादीत नाही. म्हणजे गटानं पैसे दिले तरी लेखी करार नसताना कोड आमच्याच नावावर राहतो. हे आप्पांना सांगणं मला जड जाणार आहे, कायदा काही म्हणो.

पुढे कलम १९. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सही हवी. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. नुसतं 'सगळे हक्क गटाला दिले' असं लिहून दिलं असतं तर पाच वर्षांनी ते हक्क परत आमच्याकडे आले असते आणि गटाला पत्ताही लागला नसता. इंटरनेटवरून नमुने उतरवून करार करणाऱ्यांनी एवढं एक कलम तरी वाचावं.

आमच्या चौघांत मग दोन गाठी निघाल्या. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं नकाशाचा भाग लिहिलाय. तो कोणाचा नोकर नाही, त्याचा कोड त्याचाच. कॉलेजच्या प्रकल्पाचे काही नियम आहेत का, ते त्यानं विचारून घ्यायचं. दुसरी गाठ सर्व्हरवाल्याची. तो नोकरी करतो, आणि त्याच्या नेमणूक पत्रात कामाच्या वेळेबाहेर लिहिलेल्या कोडवरही कंपनी हक्क सांगू शकेल अशी ओळ आहे. ताई म्हणाल्या, भांडू नका, लेखी ना-हरकत मागा. रेपो (कोडचा साठा) सगळ्यांना उघडायच्या आत.

१ सप्टेंबर, सोमवार

गणपती. काम बंद. फक्त गटाला द्यायच्या पत्राचा मसुदा केला: कोड लिहिणाऱ्यांचा राहील, लायसन्स त्यांना आणि सगळ्यांना मिळेल, नोंदी ज्याच्या त्याच्या राहतील आणि त्या कधीही पूर्ण उतरवून घेता येतील. शेवटचं कलम कोडच्या लायसन्समधून आपोआप मिळत नाही. व्यापाऱ्यांच्या सर्व्हरवर एखाद्याच्या पाच वर्षांच्या फवारण्या अडकल्या तर एजीपीएल त्या सोडवून देत नाही. म्हणून सगळ्या नोंदी सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) उतरवायचं बटण पहिल्याच आवृत्तीत हवं. फ्रंटएंडवालीनं ते रात्रीच करून टाकलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

वापरलेल्या लायब्रऱ्यांची झडती. कंटाळवाणं काम, पण कामाचं निघालं.

जँगो आणि लीफलेट बीएसडी या मोकळ्या लायसन्सखाली, पोस्टग्रेसचं स्वतःचं मोकळं लायसन्स. हे सगळं एजीपीएलसोबत नांदतं. अपाचे २.० हे लायसन्स असलेल्या दोन लायब्रऱ्या आहेत. त्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीशी जमत नाहीत, तिसऱ्याशी जमतात, तेव्हा ठीक. मुक्ता फॉन्ट ओएफएल या फॉन्टसाठीच्या लायसन्सखाली आहे, त्याची फाइल त्याच्या लायसन्ससकट ठेवायची.

आलेखांसाठी हायचार्ट्स वापरत होतो. त्याचा कोड वाचता येतो, पण व्यापारी वापराला विकतचं लायसन्स लागतं. आमच्या लायसन्सखाली ते पुढे देता येणार नाही. काढलं, चार्ट-जेएस घातलं, ते एमआयटी आहे. पावसाचा आलेख आधीपेक्षा जरा साधा दिसतो. दिसू दे.

खरी अडचण एका जुन्या छोट्या मॉड्यूलची झाली. त्यावर 'जीपीएल आवृत्ती २ फक्त' असं लिहिलेलं. 'किंवा पुढील' असतं तर तिसरी आवृत्ती धरून चाललं असतं. 'फक्त' या शब्दामुळे ते एजीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत मिसळता येत नाही, दोन्ही मोकळी लायसन्सं असूनही. तेवढा भाग विद्यार्थी जुनं न पाहता नव्यानं लिहितोय.

नकाशाचा डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा. तो २०१२पासून ओडीबीएल या डेटासाठीच्या लायसन्सखाली आहे. नकाशाच्या कोपऱ्यात श्रेय दिसलंच पाहिजे. मोबाइलवर आमची खालची पट्टी ते झाकत होती, ती वर घेतली. मदतीची पानं आणि चित्रं सीसी बाय-एसए ४.० खाली (श्रेय द्या, बदल त्याच अटींवर वाटा). मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र औषधांची जी यादी काढतं, तिच्यातले आकडे वेगळ्या डेटा फाइलमध्ये, यादीच्या तारखेसह. त्यांच्या दस्तऐवजाची प्रत रेपोत घालायची नाही, दुवा द्यायचा.

२० सप्टेंबर, शनिवार

कंपनीचं ना-हरकत पत्र आलं. सर्व्हरवाला सुटकेचा श्वास टाकून पुन्हा वाद घालायला मोकळा झाला.

आज त्याचा प्रस्ताव: 'व्यापारी वापराला बंदी' अशी एक ओळ जोडू, व्यापाऱ्यांचा प्रश्नच मिटेल. नाही चालणार. द्राक्ष विकणारा बागायतदारही व्यापारच करतो. शिवाय कोणत्याही कामासाठी प्रोग्रॅम चालवायची मुभा काढली की ते मुक्त सॉफ्टवेअर राहत नाही, आणि एजीपीएलवर अशी जादा बंदी जोडली तरी घेणारा ती काढून टाकू शकतो. लायसन्सच्या सातव्या कलमात तसं लिहिलंय. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीनं २०१८ला एजीपीएल सोडून एसएसपीएल हे स्वतःचं लायसन्स काढलं, त्याला ओपन सोर्स म्हणून मान्यता मिळाली नाही. इलॅस्टिक आणि रेडिस या कंपन्या त्याच वाटेनं गेल्या. इलॅस्टिकनं २०२४ला आणि रेडिसनं मे २०२५मध्ये एजीपीएलचा पर्याय जोडला. मोठे लोक फिरून आले त्या वाटेवर आपण चार जणांनी कशाला जावं?

सातव्या कलमातच आमच्या उपयोगाची गोष्ट सापडली. बदललेली आवृत्ती वेगळी आहे हे स्पष्ट दाखवावं, आणि नाव-चिन्ह वापरायची परवानगी लायसन्समधून मिळत नाही, अशा दोन अटी जोडता येतात. दोन्ही जोडल्या. कोड घ्या, बदला, पण 'फवारणी-वही' या नावानं बदललेले कालावधी दाखवू नका.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा, आज निर्णय. एजीपीएल आवृत्ती ३ किंवा पुढील.

'किंवा पुढील' यावर विद्यार्थ्याचा आक्षेप होता: अजून न लिहिलेल्या लायसन्सला आज सही कशी करायची? रास्त आहे. पण आम्ही हक्क एकत्र करत नाही आहोत. बाहेरचा जो पॅच (कोडमधला बदल) देईल त्याचा हक्क त्याच्याकडेच राहील. त्यानं फक्त, हा कोड द्यायचा मला अधिकार आहे, अशी डीसीओची (डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनची) सही कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, करायची. ही पद्धत लिनक्स कर्नलमध्ये २००४पासून आहे. अशा प्रकल्पात पुढे लायसन्स बदलायचं तर प्रत्येकाला शोधून संमती घ्यावी लागते. 'किंवा पुढील' ही तेवढी एकच फट उघडी ठेवलीय.

लायसन्सचा इंग्रजी मजकूर शब्दशः, एका स्वल्पविरामाचाही बदल न करता. मराठीत दीड पानी समजावणी वेगळ्या फाइलमध्ये, वर लिहून की बंधनकारक मजकूर इंग्रजीच. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर हक्कदाराची आणि लायसन्सची ओळ.

१२ ऑक्टोबर, रविवार

रेपो उघडला. प्रत्येक पानाच्या तळाला 'चालू आवृत्तीचा सोर्स कोड' असा दुवा, आणि तो थेट त्याच कमिटवर जातो. डिप्लॉय स्क्रिप्ट (नवा कोड सर्व्हरवर चढवणारी) कमिटचा क्रमांक स्वतः भरते. सर्व्हरवर शिरून हातानं दुरुस्ती करायची सवय सर्व्हरवाल्यानं सोडायची आहे. आज कोड फक्त आमचा आहे तोवर आम्हाला कोणी विचारणार नाही, पण पहिला बाहेरचा पॅच घेतला की तेरावं कलम आम्हालाही लागतं. स्क्रिप्ट आता न नोंदवलेला बदल दिसला तर डिप्लॉयच करत नाही. तो चिडलाय.

आप्पांनी पत्रावर गटातर्फे सही दिली. "नोंदी आमच्या, हे लिहिलंय ना?" एवढंच विचारलं. छाटणीची गडबड आहे, मे महिन्यापासून पाऊस सुटलेला नाही, बाकी कशात त्यांचं लक्ष नव्हतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या सुट्टीत पहिला बाहेरचा पॅच आला: लीप वर्षातल्या फेब्रुवारीत तोडणीची तारीख एका दिवसानं चुकत होती. डीसीओची सही आहे. घेतला.

व्यापारी गृहस्थांचा पुन्हा फोन. त्यांच्या माणसानं लायसन्स वाचलंय. त्यांचं म्हणणं, पैसे घ्या आणि आम्हाला वेगळं, बंद ठेवता येईल असं लायसन्स द्या. कायद्यानं ते अशक्य नाही, पण आता पाच जणांचा कोड आहे आणि पाचांची लेखी संमती लागेल. विद्यार्थ्यानं आणि फ्रंटएंडवालीनं नाही म्हटलं, मीही नाहीच म्हणणार होतो. त्यांना दोन वाटा कळवल्या: वही जशीच्या तशी चालवा, बसवून द्यायचं आणि सांभाळायचं शुल्क आम्ही घेऊ, किंवा बदल करा, वेगळं नाव द्या आणि तळाला तुमच्या सोर्सचा दुवा लावा. ते पहिल्या वाटेचा दर विचारतायत.

बाकी कामं: दरपत्रक करणं. औषधांचा क्रम अक्षरानुसार न ठेवता, त्या बागेत आधी वापरलेली वर अशी मागणी आप्पांच्या नातीकडून, इश्शू (करायच्या कामाची नोंद) उघडला. औषधांच्या यादीची नवी आवृत्ती आली की डेटा फाइल तपासणं, दोघांच्या नजरेखालून.